क्रिकेट-ज्योतिष (गोवा)

आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना कोण जिंकणार, नाणेफेक कोणाच्या बाजूने पडणार, याचे उत्तर कुंडली मांडून सामन्याआधी सांगण्याची प्रथा. ज्योतिषाच्या होरा शाखेतले प्रश्नज्योतिष, म्हणजे प्रश्न विचारल्याच्या क्षणाची कुंडली मांडून उत्तर देणे, हा तिचा मुख्य आधार. गोव्यात ती मराठी पंचांग वापरणाऱ्या घरांतून आली आणि आता मोबाइलवरच्या कुंडली-सॉफ्टवेअरमुळे फोफावली आहे. वर्षभर तिची आठवण फारशी निघत नाही. विश्वचषक किंवा भारत-पाकिस्तान सामना जवळ आला की सलूनमध्ये, चहाच्या हॉटेलात, देवळाच्या सभामंडपात ‘ग्रह काय म्हणतात’ ही चर्चा सुरू होते.

राज्यखेळाचा मान गोव्याने फुटबॉलला दिला असला, तरी भविष्य विचारले जाते ते क्रिकेटचे. मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमवर ऑक्टोबर १९८९ मध्ये नेहरू चषकातील ऑस्ट्रेलिया-श्रीलंका सामन्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट गोव्यात आले. त्यानंतरच्या काही सामन्यांचे दाखले पुढे येतील, कारण ज्योतिषाच्या दाव्यांची कसोटी घ्यायला ते चांगले उपयोगी पडतात.

येथील समाजाला प्रश्न विचारण्याची सवय देवळाने लावली आहे. गोव्यातल्या अनेक देवळांत मूर्तीला पाकळ्या किंवा कळ्या लावून प्रसाद घेतात. गाऱ्हाणे घातल्यावर उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. सोयरीक, घराचे काम, लांबलेले आजारपण अशा गोष्टींसाठी हा कौल घेतला जातो. प्रश्नकुंडलीला त्याचीच पुढची पायरी मानणारे लोक भेटतात, पण हे जोडणे बरोबर नाही. कौल घेणारा माणूस स्वतः करणार असलेल्या कामाला देवाची संमती मागत असतो. निर्णय त्याचा, जबाबदारीही त्याची. सामन्याच्या भाकितात विचारणाऱ्याच्या हाती काहीही नसते, आणि सायंकाळपर्यंत उत्तर खरे की खोटे हे साऱ्या गावाला कळते. म्हणून देवाच्या कौलाला जे निकष लावायचे नसतात, ते या भाकिताला लावावेच लागतात.

पद्धती

जय-पराजयाचा प्रश्न ज्योतिषात जुनाच आहे. वराहमिहिराचा पुत्र पृथुयशस् याच्या ‘षट्पंचाशिका’ या छप्पन्न श्लोकांच्या ग्रंथात जय-पराजयावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि बाराव्या शतकातील ‘नरपतिजयचर्या’ तर राजाने युद्धाला कधी निघावे यासाठीच रचलेली. चाल करून येणारा तो यायी, जागेवर राहून तोंड देणारा तो स्थायी, अशी त्या परंपरेतली विभागणी आहे. आजच्या क्रिकेट-ज्योतिषात राजांच्या जागी संघ आले आणि बाकीची मांडणी बरीचशी तशीच राहिली.

मांडणी थोडक्यात अशी. ज्या संघाविषयी विचारले, तो लग्न, म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास, कुंडलीतले पहिले स्थान. प्रतिस्पर्धी सातवे स्थान. सहावे स्थान शत्रूवर मात करण्याचे, दहावे मानाचे, अकरावे लाभाचे, म्हणून सहा-दहा-अकरा बलवान असतील तर आपला विजय. हाच हिशेब सातव्या स्थानापासून मोजला की बारावे स्थान प्रतिस्पर्ध्याचे सहावे होते, चौथे त्याचे दहावे आणि पाचवे त्याचे अकरावे. म्हणून चार-पाच-बारा जोरात असतील तर सामना हातचा गेला असे सांगतात.

महाराष्ट्रात आणि गोव्यात क्रिकेटसाठी सर्वाधिक वापरली जाते ती कृष्णमूर्ती पद्धती, बोलण्यात ‘केपी’. के. एस. कृष्णमूर्ती (१९०८–७२) यांनी प्रत्येक नक्षत्राचे विंशोत्तरी दशेत नऊ ग्रहांना दिलेल्या वर्षांच्या प्रमाणात नऊ भाग पाडले, एकेका ग्रहाचा एक. या भागाला ‘सब’ म्हणतात. सत्तावीस नक्षत्रांचे २४३ भाग होतात. त्यांतले सहा भाग दोन राशींत विभागले जात असल्याने एकूण संख्या २४९. विचारणाऱ्याने १ ते २४९ मधला एक आकडा सांगायचा, त्यावरून लग्न ठरते, आणि सहाव्या-अकराव्या स्थानाच्या आरंभबिंदूचा ‘सबलॉर्ड’ (तो बिंदू ज्या सबमध्ये पडतो त्याचा ग्रह) कोणत्या स्थानांचा कार्येश, म्हणजे फळ देणारा, आहे ते पाहून निकाल द्यायचा. जन्मवेळ लागत नाही, फलज्योतिषाचा मोठा पसारा लागत नाही. या सोयीमुळेच ही पद्धत निवृत्त शिक्षकांपासून बँकेतल्या कारकुनांपर्यंत पोचली.

याखेरीज सामन्याचा पहिला चेंडू पडतो त्या क्षणाची कुंडली मांडणारे आहेत, आणि दोन्ही कर्णधारांच्या पत्रिका लावून दशा (आयुष्यातला चालू ग्रहकाळ) व गोचर (ग्रहांची सध्याची स्थिती) पाहणारेही आहेत. कर्णधारांची जन्मतारीख सर्वांना ठाऊक असते, जन्मवेळ सहसा नसते, आणि लग्न साधारण दर दोन तासांनी बदलते. त्यामुळे या शेवटच्या प्रकाराचा पाया सुरुवातीपासूनच ढिला आहे.

संघाची रास कोणती?

ज्याला आकडेमोड जमत नाही तो नामराशीकडे वळतो. अवकहडा चक्रात नावाच्या पहिल्या अक्षरावरून नक्षत्र आणि रास काढतात. ‘भारत’ घेतले तर ‘भा’ हे मूळ नक्षत्राचे अक्षर, रास धनू. ‘इंडिया’ घेतले तर कृत्तिका नक्षत्र, रास वृषभ. स्वतंत्र भारताची कुंडली घेतली, म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीची दिल्लीची, तर लग्न वृषभ आणि चंद्ररास कर्क. एकाच संघाला धनू, वृषभ, कर्क अशा तीन राशी मिळाल्या, आणि यातली कोणती घ्यायची याचा नियम नाही. ऑस्ट्रेलियाचे आद्याक्षर ‘ओ’ धरले तर रोहिणी नक्षत्र, म्हणजे पुन्हा वृषभच. मग भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात एकाच राशीचे दोन संघ समोरासमोर येतात. तशा वेळी ज्योतिषी दुसऱ्या राशीकडे वळतो आणि उत्तर जुळवून घेतो. तो जाणूनबुजून फसवतो असे नव्हे. पद्धतीतच इतक्या वाटा आहेत की ज्या बाजूला मन आधीच झुकलेले असते, तिकडे जाणारी एक तरी वाट सापडते.

तटस्थ सामन्यात हा गुंता आणखी वाढतो. इंग्लंड-न्यूझीलंड सामन्याचा प्रश्न फोंड्याच्या माणसाने विचारला तर लग्न कोणाचे? कोणी यजमान संघाला लग्न देतो, कोणी नाणेफेक जिंकणाऱ्याला, कोणी ज्याचे नाव आधी उच्चारले गेले त्याला. बाजू बदलली की निकाल उलटतो. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवरच्या विश्वचषक अंतिम सामन्यात हेच दोन संघ होते. सामना २४१ धावांवर बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही १५-१५ अशी बरोबरीत, आणि चौकार-षटकारांच्या मोजणीत २६ विरुद्ध १७ असा इंग्लंडचा विजय ठरला. तो नियम त्याच वर्षी रद्द झाला. चषक कोणाला मिळतो हे क्रिकेट प्रशासकांनी लिहिलेल्या एका कलमावर अवलंबून असेल, तर सहाव्या स्थानाचा स्वामी त्या कलमाचा विचार कसा करणार, याचे उत्तर ज्योतिषाने द्यायला हवे.

वेळ आणि स्थळ

अभ्यासू ज्योतिषी ‘वेळ अचूक हवी’ असे म्हणतो. ते प्रामाणिकपणे मानले तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. केपीतला सर्वांत लहान भाग रवीचा, ४० कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). लग्नबिंदू तो अडीच-तीन मिनिटांत ओलांडतो. सर्वांत मोठा शुक्राचा, २ अंश १३ कलांचा, तोही सुमारे नऊ मिनिटांत संपतो. राष्ट्रगीते लांबली, साइटस्क्रीन हलवायला वेळ लागला, एखादी सर आली, की पहिला चेंडू दुसऱ्या सबमध्ये पडतो. राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची हे ठरवणाऱ्या लाहिरी आणि कृष्णमूर्ती अयनांशांत पाच-सहा कलांचा फरक आहे, तोही काठावरच्या कुंडलीत सब बदलायला पुरतो.

स्थळाचेही तसेच. मडगावचे रेखांश ७४ पूर्वच्या किंचित अलीकडे, आणि भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची. म्हणजे मडगावची स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे ३४ मिनिटे मागे. सॉफ्टवेअर ही दुरुस्ती आपोआप करते, पण दुसऱ्या शहराची लग्नसारणी पुढे ठेवून तोंडी हिशेब करणाऱ्याकडून ती सुटू शकते. सामना मेलबर्नला आणि विचारणारा म्हार्दोळला असेल तर त्याच क्षणी दोन्ही ठिकाणची लग्ने साधारण दोन राशींनी वेगळी असतात. प्रश्नशास्त्र म्हणते, उत्तर जिथे दिले जाते ती जागा धरा. मुहूर्त पाहणारा म्हणतो, मैदान धरा. दोघांनाही ग्रंथाचा आधार आहे.

फातोर्ड्याने आणखी एक पेच घातला. २४ ऑक्टोबर २०१० रोजी तेथील भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना पावसाने भिजलेल्या मैदानामुळे एकही चेंडू न पडता रद्द झाला. कोण जिंकणार या प्रश्नाला लग्न आणि सप्तम अशी दोनच उत्तरे ठेवली, तर त्या दिवसाचे खरे उत्तर कुंडलीत मावतच नाही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस गोव्यात येऊ शकतो, हे मात्र सांगायला कुंडली लागत नाही.

पडताळणी

भाकिते खरी ठरतात, हा अनुभव अनेकांचा असतो आणि तो खोटा नसतो. त्याचे कारण वेगळीकडे आहे. एकदिवसीय विश्वचषकात भारत आणि पाकिस्तान १९९२ ते २०२३ या काळात आठ वेळा भेटले आणि आठही वेळा भारत जिंकला. दर वेळी ‘भारत’ म्हणणारा ज्योतिषी शंभर टक्के बरोबर ठरला, आणि पत्रिका न मांडता तेच म्हणणारा रिक्षावालाही. भाकिताचे मोल ठरवायचे तर ते अशा सोप्या अंदाजापेक्षा किती सरस ठरते ते मोजले पाहिजे. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत, टी-ट्वेंटी विश्वचषकात, पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवले. तसेच १९ नोव्हेंबर २०२३ रोजी सलग दहा सामने जिंकून आलेला भारत अहमदाबादच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून हरला. कसोटी लागते ती अशा दिवशी.

दुसरे कारण संख्येचे. २००१ ची भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय मालिका पाच सामन्यांची होती आणि शेवटचा सामना ६ एप्रिलला फातोर्ड्यावर झाला. बंगळूर भारताने जिंकले, पुणे ऑस्ट्रेलियाने, इंदूर भारताने, विशाखापट्टणम ऑस्ट्रेलियाने, आणि निर्णायक मडगावही ऑस्ट्रेलियाने चार गडी राखून. पाच सामन्यांचे निकाल ३२ प्रकारे लागू शकतात. ३२ माणसांनी वेगवेगळी यादी केली असती, तर त्यातल्या एकाची पाचही उत्तरे बरोबर आलीच असती. गावात नाव होते ते त्या एकाचे. उरलेले एकतीस कोणाच्या लक्षात राहत नाहीत. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीतल्या ‘पॉल’ नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ निकाल बरोबर निवडले होते, आणि फुटबॉलवेड्या सासष्टीला (मडगावच्या तालुक्याला) ती गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

क्रिकेटवर नसली, तरी फलज्योतिषाची एक नेटकी चाचणी मराठी मुलखात झाली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली, आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले. सर्व दोनशे पत्रिका तपासणाऱ्या एका संस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून जे मिळते, त्याहून यात काही वेगळे नाही.

क्रिकेटसाठी अशी चाचणी घेणे तर फारच सोपे आहे. विजेत्याचे नाव, सामना रद्द होण्याची शक्यता, आणि लग्न कोणाला दिले हे सामन्याआधी कागदावर लिहून, तारीख घालून तिऱ्हाइताकडे ठेवायचे, आणि एका हंगामाचे सगळे सामने झाल्यावर पाकीट उघडायचे. गावातल्या ज्योतिषांना हे सुचवणे हा त्यांचा अपमान नाही. ज्याचा आपल्या विद्येवर विश्वास आहे, त्याने ती मोजून दाखवायला पुढे यावे.

पैसा आणि कायदा

भटजींना सहज विचारलेला प्रश्न निरुपद्रवी असतो. लग्न, नोकरी, बोटीवरचे काम किंवा परदेशी व्हिसा यांसाठी आलेला माणूस उठता उठता ‘उद्या कोण?’ म्हणून विचारतो, आणि त्याची दक्षिणा वेगळी नसते. घात होतो तो सट्ट्यात. कुंडलीत सहा-दहा-अकरा दिसले म्हणून पगाराचे पैसे बुकीकडे लावणारा माणूस ज्या भावाने पैसे लावतो, त्या भावात खेळपट्टी, दुखापती, अलीकडची कामगिरी हे सगळे आधीच धरलेले असते. बुकीला ग्रहांची गरज नसते. हरल्यावर ‘वेळ चुकली, सब बदलला’ असे स्पष्टीकरण मिळते, आणि पुढच्या सामन्यासाठी नवा आकडा मागितला जातो. घरे बुडतात ती याच पुढच्या सामन्यात.

गोव्यात जुगाराला १९७६ चा सार्वजनिक जुगार कायदा लागू आहे. त्यात दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांतली स्लॉट यंत्रे आणि मांडवीतल्या जहाजांवरचे कॅसिनो यांना मुभा मिळाली. क्रिकेटवरच्या सट्ट्याला मिळाली नाही, आणि क्रिकेट हंगामात भाड्याच्या बंगल्यांवर पोलिसांच्या धाडी पडतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने बंदी आणली. भाकीत सांगणे हा मात्र यांपैकी कोणत्याही कायद्याखाली गुन्हा ठरत नाही.