ओक्स एम्स की ऑलिव्हर एम्स? दोन भावांची गल्लत

अमेरिकेतल्या पहिल्या आरपार रेल्वेबद्दल वाचताना 'एम्स' हे नाव आलं की बरेच जण दोन सख्ख्या भावांना एकच माणूस समजतात, मग एकाचं पद दुसऱ्याला चिकटतं आणि एकाची बदनामी दुसऱ्याच्या नावावर जाते.

मोठा ओक्स, जन्म १८०४. धाकटा ऑलिव्हर, १८०७ चा. मॅसॅच्युसेट्समधल्या ईस्टन गावी वडलांचा फावड्यांचा कारखाना होता, तो १८४४ मध्ये दोघांच्या हातात आला, आणि पुढे कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, रेल्वेची कामं निघाली, यादवी युद्ध झालं, सगळीकडे खणायला फावडी लागायचीच, त्यामुळे धंदा जोरात चालला. इथपर्यंत दोघांची गोष्ट एकच.

फरक पडतो तो १८६३ पासून. ओक्स रिपब्लिकन पक्षाकडून प्रतिनिधीगृहात निवडून गेला आणि दहा वर्षं तिथे राहिला. ऑलिव्हर कधी त्या सभागृहात नव्हता, तो १८६६ ते १८७१ युनियन पॅसिफिक रेल्वेचा, म्हणजे त्या आरपार रेल्वेचा पूर्वेकडचा भाग बांधणाऱ्या कंपनीचा, प्रेसिडेंट होता. म्हणजे रेल्वेचा अध्यक्ष धाकटा, खासदार मोठा, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ संपतो.

आता ते क्रेडिट मोबिलिए प्रकरण. रूळ टाकायचं काम युनियन पॅसिफिकने क्रेडिट मोबिलिए नावाच्या ज्या बांधकाम कंपनीला दिलं होतं तिचे मालक जवळपास रेल्वेचेच बडे शेअरहोल्डर, त्यामुळे बिल लावणारेही तेच आणि पास करणारेही तेच, आणि रेल्वेच्या मागे सरकारी बाँड आणि फुकट जमिनी. फायदा दोन्ही भावांना झाला. पण १८६७-६८ मध्ये या कंपनीचे शेअर सोबतच्या खासदारांना मूळ किमतीत वाटले ते ओक्सने, बाजारात किंमत कितीतरी जास्त असताना. काहींनी तर आधी पैसेही भरले नाहीत, डिव्हिडंडमधूनच वळते झाले! १८७२ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' पेपरने हे छापलं, चौकशी झाली, समितीने ओक्सला हाकलायची शिफारस केली, पण फेब्रुवारी १८७३ मध्ये सभागृहाने निषेधाच्या ठरावावर भागवलं. त्याच वर्षी मे महिन्यात ओक्स वारला.

माझं स्पष्ट मत आहे की ओक्सने केलं ते चूकच होतं, पण शेअर घेणारे बहुतेक सगळे सहीसलामत सुटले हे त्याहून वाईट. त्यातले गारफिल्ड तर १८८० मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

वायोमिंगमध्ये लॅरमीजवळ या भावांचं साठ फुटी दगडी स्मारक आहे, त्यावर पूर्वेला ओक्सचा चेहरा आणि पश्चिमेला ऑलिव्हरचा. आयोवातलं एम्स शहर मात्र फक्त ओक्सच्या नावाचं.

आणि हो, मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर ऑलिव्हर एम्स, १८८७ ते १८९० वाला, तो यातला रेल्वेवाला नाही, तो ओक्सचा मुलगा.