विकरचूर्ण

विकरचूर्ण : वाळवून भुकटीच्या रूपात ठेवलेले विकर, म्हणजेच एंझाइम : जीवरासायनिक क्रिया जलद घडवणारे प्रथिन. ट्रिप्सिन, लायसोझाइम, पपेन, पेक्टिनेज, अमायलेज ही प्रयोगशाळेतली नेहमीची नावे. नाशिक परिसरात महाविद्यालयांचे जीवरसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभाग, औषध कारखान्यांचे तपासणी कक्ष आणि द्राक्षरस निवळण्यासाठी पेक्टिनेज लागणाऱ्या वाइनरी येथे या भुकट्या हाताळल्या जातात. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत विकरांचे उत्पादनही होते. मराठी शालेय पुस्तकांनी ‘विकर’ हा शब्द रुळवला असला, तरी प्रयोगशाळेत बोलताना ‘एंझाइम’च तोंडी येते.

नाव व प्रारंभ : ‘एंझाइम’ हा शब्द जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म क्यूने यांनी घडवला. ग्रीकमधील त्याचा अर्थ ‘आंबवणाच्या आत’ असा होतो. त्याचे वर्ष कुठे १८७६, कुठे १८७७, तर कुठे १८७८ दिलेले आढळते. क्यूने यांनी हायडलबर्ग येथील विद्वत्सभेत हा विषय १८७६ मध्ये मांडला व त्याचे टिपण पुढच्या वर्षी छापून आले. त्यामुळे पहिली दोन वर्षे एकमेकांना छेद देत नाहीत. मांडणीचे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ट्रिप्सिनचे नावही त्याच सुमारास क्यूने यांनीच रूढ केले.

शब्द उशिराचा, पदार्थ त्याआधीचा. पिठातील स्टार्चची साखर करणारे काहीतरी धान्याच्या अर्कात असते, हे गोटलीप किर्खहोफ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवले होते, म्हणून काहीजण आद्यत्वाचा मान त्यांना देतात. मात्र त्यांनी तो पदार्थ वेगळा काढला नव्हता. आँसेल्म पायां व झां-फ्रांस्वा पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी १८३३ मध्ये मोड आणलेल्या बार्लीच्या अर्कात अल्कोहोल घालून पांढरा साका पाडला, तो वाळवला आणि त्याला ‘डायस्टेज’ म्हटले. आजच्या कसोटीने ते अशुद्ध मिश्रणच होते. पण प्रस्तुत विषय भुकटीचा असल्याने सुरुवात त्यांच्यापासून धरणे योग्य. द्रावण तसेच राहू दिले तर ते बिघडते, हेही त्यांच्या ध्यानात आले होते. बाजारात भुकटी आणण्यात जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने यांचे १८९४ चे अमेरिकी पेटंट महत्त्वाचे मानतात.

पपईच्या चिकातील विकराला पपेन हे नाव फ्रान्समधील व्यूर्त्झ व बुशू यांनी १८७९ मध्ये दिले. त्याआधी कच्च्या पपईच्या चिकाचा मांसावर होणारा परिणाम जी. सी. रॉय यांनी कलकत्त्यात नोंदवला होता. त्यांचा लेख बहुधा १८७३ चा. स्वयंपाकघराला ही गोष्ट त्याच्याही किती आधीपासून ठाऊक होती, हा प्रश्न वेगळाच.

भुकटीचा दोष : कोरडेपणामुळे विकर टिकते आणि कोरडेपणामुळेच ते उडते. विकर हे प्रथिन आहे. नाकातोंडावाटे त्याची धूळ आत गेली की शरीर त्याला परके समजून प्रतिपिंडे तयार करू शकते. ब्रिटनमधील धुण्याच्या पावडरीच्या उद्योगात कामगारांना दमा होऊ लागला, तेव्हा फ्लिंड्ट, पेपिस आदी डॉक्टरांचे लेख १९६९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि विषय ऐरणीवर आला. त्यानंतर उद्योगाने भुकटीऐवजी आवरण दिलेले दाणे वापरायला सुरुवात केली. प्रयोगशाळेतील बाटलीत मात्र अजूनही भुकटीच असते.

अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने सबटिलिसिनसाठी (धुण्याच्या पावडरीतील प्रथिनभेदक विकरांचा गट) हवेतील कमाल मर्यादा दर घनमीटरला ६० नॅनोग्रॅम इतकी सुचवली आहे. मिठाच्या एका बारीक कणाचा हा साधारण हजारावा भाग. ही मर्यादा एकाच गटातील विकरांची असली, तरी इतरांसाठीही तीच नजरेसमोर ठेवणे शहाणपणाचे. पहिल्या काही संपर्कांत काहीच जाणवत नाही; संवेदनशीलता यायला आठवडे, महिने, कधी वर्षेही लागतात, आणि एकदा आली की अत्यल्प मात्राही पुरते. ‘मी रोज वजन करतो, मला कधी शिंकसुद्धा आली नाही’ हा म्हणूनच पुरावा नव्हे. डोळे चुरचुरणे, शिंका, छातीत घरघर ही लक्षणे कधी घरी गेल्यावर, रात्री दिसतात आणि नाशिकच्या थंडीत सर्दीच्या नावावर खपतात. ट्रिप्सिन, पपेन यांसारखी प्रथिनभेदक विकरे त्वचेची व डोळ्यांची आगही करतात.

हाताळणी : भुकटी उघड्या तराजूवर चमच्याने थोडी थोडी टाकत वजन जुळवणे ही सर्वांत वाईट पद्धत. त्याऐवजी झाकणासह रिकाम्या नळीचे वजन करावे, नळी फ्यूम हूडमध्ये (हवा आत ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटात) नेऊन अंदाजाने भुकटी घालावी, झाकण लावून पुन्हा वजन करावे. जेवढी आली त्या हिशेबाने बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) घ्यावे. १० मिलिग्रॅमऐवजी ११.४ आले तर बिघडले काय? आडव्या प्रवाहाचे लॅमिनार हूड (गाळलेली हवा एका दिशेने सोडणारे कपाट) यासाठी वापरू नये, कारण त्यातील हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. हातमोजे, गॉगल व एन-९५ प्रतीचा मास्क लागतो. साधा शस्त्रक्रियेचा मास्क पुरत नाही. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतील कोरड्या हवेत स्थिर विद्युतभारामुळे भुकटी चमच्यावरून उडी मारून नळीच्या कडेला चिकटते. विरघळवताना बफर नळीच्या भिंतीवरून सोडावे आणि नळी हळू उलटीसुलटी करावी. जोरात हलवल्यास फेस होऊन प्रथिनाची घडी मोडते. सांडलेले ओल्या कागदाने टिपावे. झाडू मारू नये, फुंकर तर नाहीच.

साठवण : पाणी कमी असले की रेणूंची हालचाल मंदावते आणि प्रथिनभेदक विकर स्वतःलाच खात नाही. म्हणून गोठवून वाळवलेली भुकटी लेबलानुसार उणे २० किंवा २ ते ८ अंश सेल्सिअसला, सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवतात. जेल गुलाबी झाले (नारिंगी प्रकार असल्यास हिरवे) की बदलावे. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर टाळावा, कारण त्याचे तापमान सारखे वरखाली होते.

खरी गफलत होते ती बाटली उघडताना. जुलैतल्या ओल्या दुपारी उणे २० अंशांतून काढलेली कुपी लगेच उघडली, तर आतल्या भिंतीवर दव धरते. पांढरी सुटी भुकटी दोनचार वेळात पिवळट, चिकट गोळा होते. कुपी बंदच ठेवून अर्धा ते एक तास, मोठी बाटली असल्यास त्याहून जास्त वेळ, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. पावसाळ्याआधीच लहान कुप्यांत वाटून ठेवणे उत्तम. फक्त तो वाटपाचा दिवस सर्वाधिक धुळीचा असतो, हे विसरू नये. उलट, एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरने आलेल्या खोक्यातील बर्फाची पिशवी वितळलेली दिसली म्हणून कोरडी, मोहोरबंद भुकटी वाया गेली असे लगेच समजण्याचे कारण नाही. काही तास वीज गेल्यानेही तिचे सहसा फारसे बिघडत नाही, द्रावणाचे बिघडते.

शंका आल्यास वजनावर विसंबू नये, क्रियाशीलता मोजावी. क्रियाशीलतेचे एक एकक म्हणजे ठरावीक परिस्थितीत मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थाचे रूपांतर, अर्थात १६.६७ नॅनोकॅटल (कॅटल म्हणजे सेकंदाला एक मोल). बाटलीत विकराशिवाय क्षार, लॅक्टोज वा माल्टोडेक्स्ट्रिनही असू शकते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या एक ग्रॅम भुकट्या सारख्या नसतात. लेबलावर बॅच क्रमांकाशेजारी उघडल्याची तारीख लिहावी.

विल्हेवाट : उरलेली भुकटी कोरडी फेकू नये, पाण्यात विरघळवून उकळावी किंवा ब्लीचने निष्क्रिय करावी.