अथेन्सचं घुबड आणि आतली चांदी

सतरा ग्रॅमच्या आसपास वजन, चार द्राख्म (प्राचीन ग्रीक चलन) मोल. इसवीसनपूर्व पाचव्या शतकातल्या अथेन्सच्या या नाण्यावर एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी, दुसऱ्या बाजूला तिचं घुबड, शेजारी ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर. घुबडही असं-तसं नाही, थेट आपल्या पिंगळ्याच्या वंशातलं!

चांदी यायची अथेन्सच्या दक्षिणेकडच्या लाव्हरियनच्या खाणींतून. तिथे चांदी गॅलेना या शिशाच्या खनिजात मिसळलेली असे. खनिज वितळवून आधी शिसं काढायचं, मग ते सच्छिद्र मुशीत तापवून हवेचा झोत द्यायचा. शिशाचं ऑक्साइड होऊन ते मुशीत मुरतं, चांदी तशीच राहते. तरी शिशाचा अंश मागे उरतोच. त्यातल्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण खाणीगणिक वेगळं असल्याने आजची प्रयोगशाळा नाण्यातली चांदी कुठली, हे बऱ्याचदा ओळखू शकते. खाणीत राबणारे बहुतेक गुलाम होते, हे मात्र ते देखणं नाणं पाहताना विसरू नये. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तिथे मोठा साठा लागला आणि अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीज याच्या आग्रहाने त्या पैशातून युद्धनौका बांधल्या गेल्या. तीनच वर्षांनी सॅलॅमिस बेटाजवळच्या लढाईत इराणी आरमार हरलं.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो देवीचा डोळा. चेहरा बाजूने दिसतो, डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा पूर्ण. पार्थेनॉनवर, म्हणजे अथेनाच्या मंदिरावर, अप्रतिम शिल्पं घडत होती, त्या काळातही नाण्यावरचा हा जुनाट डोळा बदलला नाही. कसबाची वाण नव्हती. पण इजिप्तपर्यंतचे व्यापारी हेच रूप पाहून नाणं घेत, आणि ओळखीचा चेहरा बदलला की शंका येते.

शंका घेणारे होतेच. कित्येक नाण्यांवर छिन्नीचा खोल घाव दिसतो: आत तांबं तर नाही ना, याची ती तपासणी. स्पार्टाशी झालेल्या पेलोपोनेशियन युद्धाच्या अखेरीस चांदी आटली, तेव्हा खुद्द अथेन्सनेच तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढली होती.

पुढे इ.स.पू. ३७५ च्या सुमारास नाणी पारखण्याचा कायदा झाला. बाजारात सरकारी पारखी बसे. त्याने खरं ठरवलेलं नाणं नाकारणाऱ्या दुकानदाराचा माल जप्त होई. आत तांबं किंवा शिसं निघालं, तर नाणं तिथल्या तिथे कापून देवमातेला अर्पण केलं जाई.