खिडकीतल्या उन्हावर प्लांटेड टँक: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्लांटेड टँक म्हणजे माशांची अशी टाकी, जिच्यात जिवंत पाणवनस्पती वाढवतात. दोन फुटी टाकीत (24 × 12 × 12 इंच, माती भरल्यावर पाणी साधारण 45 लिटर) वनस्पती वाढवायला महागडा दिवा लागतोच असं नाही. पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन पुरतं. मात्र ते पाण्यात वरून शिरलं पाहिजे, बाजूच्या काचेतून नव्हे. काचेतून आलेल्या उन्हाने काचेवर शेवाळ चढतं आणि रोपं खिडकीकडे झुकतात. म्हणून टाकीची वरची कड खिडकीच्या कट्ट्याच्या पातळीला ठेवा. स्टँड उंच असेल, तर खिडकीकडच्या काचेला बाहेरून जाड पांढरा कागद लावा. भरलेल्या टाकीचं वजन जवळपास 70 किलो होतं, नंतर ती सरकवता येत नाही.

पश्चिमेची खिडकी टाळा, दुपारच्या उन्हात पाणी तापतं. दक्षिणेची चालते, पण ऋतू सांभाळून. पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा या खिडकीत थेट ऊन येतच नाही. डिसेंबरात तो दक्षिणेला साधारण 48 अंशच चढतो आणि ऊन खोलीत आतपर्यंत येतं. तेव्हा पातळ पडदा लावा.

टाकी लावताना

तळाला एक इंच चाळलेली बागेतली माती. शेणखत किंवा रासायनिक खत मिसळलेली अजिबात नको, त्यातून अमोनिया सुटून मासे मरतात. वर 2-3 मिलिमीटरची धुतलेली रेती, एक इंच. थर याहून जाड केले तर आतली माती सडते आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. रेतीवर बशी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओता. नळाचं पाणी आधी 24 तास उघड्या बादलीत ठेवा, क्लोरीन उडून जातं.

रोपं पहिल्याच दिवशी भरपूर लावा: वॅलिस्नेरिया, हायड्रिला, ब्राह्मी, रोटाला. तळाचा निदान 70 टक्के भाग भरला पाहिजे. दोन-चार काड्या लावून वाट पाहणाऱ्यांची टाकी हमखास हिरवी होते, कारण मातीतून सुटणारं पोषण रोपांआधी शेवाळाला मिळतं. पहिला महिनाभर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला. टेस्ट किटवर अमोनिया शून्य आल्यावरच सहा-आठ गप्पी सोडा.

उन्हाची खरी चावी म्हणजे तरंगत्या वनस्पती. साल्विनिया किंवा पिस्टियाने एप्रिल-मेमध्ये अर्धा पृष्ठभाग झाकू द्या, पावसाळ्यात पावच ठेवा. काढलेली रोपं वाळवून कुंडीत टाका. ओढ्यात किंवा तळ्यात कधीही नको, ती अख्खं पाणी झाकून टाकतात. सलग ढगाळ दिवसांत 10 वॉटचा एलईडी चार-पाच तास लावा.

बिघडलं तर

पाणी हिरवं झालं, तर सगळं बदलू नका. टाकी चार दिवस चादरीने पूर्ण झाका, एअर पंप चालू ठेवा, मग एक तृतीयांश पाणी बदला आणि तरंगती रोपं वाढवा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर रात्री रोपांनीच ऑक्सिजन संपवलेला असतो: छाटणी करा, रात्री पंप लावा. बोअरच्या जड पाण्यात वॅलिस्नेरियाच्या पानांवर पांढरी खर बसते. भर उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपला की पान बायकार्बोनेट वापरतं आणि चुना बाहेर पडतो. अशा वेळी ऊन तासाभराने कमी करा आणि पाणी बदलताना निम्मं आरओचं घाला. मे महिन्यात थर्मामीटर 32 अंशांच्या वर गेला, की झाकण काढा आणि पडदा ओढा.