आठशे मायक्रॉनचं भोक आणि साठ हजार फेऱ्या

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तांबं चढवलेला कोरा बोर्ड मागितला, की पहिला प्रश्न येतो: हायलम की ग्लास? घरी पीसीबीला, म्हणजे छापील सर्किटच्या बोर्डाला, भोकं पाडायला एवढी वेगवान मोटर का लागते, याचं मूळ या प्रश्नात आहे.

पॉल आयस्लरने छापील सर्किटच्या पेटंटसाठी ब्रिटनमध्ये अर्ज केला तो १९४३ साली. पुढे रेडिओचे बोर्ड बरेचसे हायलमचे, म्हणजे फेनॉलिक राळेत भिजवलेल्या कागदाचे असत. कारखान्यात त्यांना भोकं प्रेसवर पंच करून पाडता येत, घरी साधं एचएसएसचं, म्हणजे हाय स्पीड स्टीलचं, ड्रिल बिटही चाले. ग्लास इपॉक्सी, म्हणजे इपॉक्सी राळेत भिजवलेलं काचेचं कापड, आली आणि हे थांबलं. काच एचएसएसची धार बघता बघता घालवते. टंगस्टन कार्बाइड हा कठीण पदार्थ तिला पुरून उरतो, पण तो ठिसूळ. जरा तिरका दाब पडला की बिट मोडलंच.

कार्बाइडला वेगही हवा. ०.८ मिमीचं बिट मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरवलं, तर त्याची कड मिनिटात जेमतेम साडेसात मीटर अंतर कापते. ६०,००० फेऱ्यांना तीच १५० मीटर होते, आणि भोक स्वच्छ पडतं. आता आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर थेट चालणारी इंडक्शन मोटर ३००० फेऱ्यांपुढे जाऊच शकत नाही. कारखान्यांनी मोटरला हजार हर्ट्झ आणि त्याहून जास्त वारंवारता दिली, बॉल बेअरिंग काढून शाफ्ट हवेच्या पातळ थरावर तरंगवला आणि लाखाच्या वर फेऱ्या मिळवल्या.

घरगुती कामाला ब्रशची मोटर धावून आली. मिक्सरमध्ये असते त्याच जातीची मोटर अमेरिकेत ड्रेमेलने १९३० च्या दशकातच हातात धरायच्या अवजारात बसवली होती. आपल्याकडे जुन्या बाजारातली बारा व्होल्टची मोटर आणि पिन चक (बारीक बिट धरणारी पकड) एवढ्यावर कित्येकांचे पहिले बोर्ड झाले, माझाही. आता विमानांच्या मॉडेलमधल्या ब्रशलेस मोटर मिळतात: २२०० केव्हीची (इथे केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) मोटर बारा व्होल्टवर, भार नसताना, २६,४०० फेऱ्या देते. घरच्या बोर्डाला तेवढ्या पुरतात.

माझ्या मते आपण फेऱ्यांची चर्चा फार करतो आणि रनआउटची, म्हणजे फिरताना बिट मध्यापासून किती हलतं याची, फार कमी. एका बाजूने ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) आवळलेला पितळी चक शाफ्टच्या मध्यातून सरकतो. ०.१ मिमीचा फरकसुद्धा ०.८ च्या बिटाला त्याच्या जाडीचा आठवा हिस्सा आहे. माझी बहुतेक बिटं मोडली ती यानेच. पीसीबीच्या कार्बाइड बिटांची शँक (चकमध्ये धरायचा दांडा) सहसा ३.१७५ मिमीचीच असते, टोक कितीही बारीक असो. त्यामुळे त्या मापाची एक चांगली ईआर-११ कॉलेट (दांडा चारी बाजूंनी सारखा आवळणारी पकड) घेतली, की सगळी बिटं तिच्यातच बसतात.