खाडीच्या काळ्या गाळातला फॉस्फरस

पावसाळ्यात कोकणातल्या नद्या जांभ्याची तांबडी माती खाडीत ओततात. त्या मातीतल्या लोह-ऑक्साइडच्या कणांना फॉस्फेट घट्ट चिकटतं, त्यामुळे बराचसा फॉस्फरस गाळाला बांधलेल्या स्थितीतच येतो. तो सुटतो कसा, हा जुना प्रश्न.

जर्मनीत आइन्झेले यांनी १९३६ मध्ये तलावांतल्या लोह-फॉस्फेटच्या नात्याचा माग काढला. पुढे १९४१-४२ मध्ये इंग्लंडच्या मॉर्टिमर यांनी दाखवून दिलं, की तळाचा प्राणवायू संपला की फेरिक लोहाचं (गंजातलं, न विरघळणारं रूप) फेरस होतं, ते विरघळतं आणि फॉस्फेट पाण्यात येतं. हा हिशेब अनेक दशकं निव्वळ रसायनशास्त्राच्या खात्यावर मांडला गेला. जिवाणूंचं काम काय, तर प्राणवायू संपवणं, एवढंच!

१९८८ साली हे चित्र पालटलं. लव्हली आणि फिलिप्स यांनी अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातला, लोहावर ‘श्वास घेणारा’, म्हणजे प्राणवायूऐवजी फेरिक लोह वापरणारा, जिवाणू वर्णिला. त्याच वर्षी गेख्टर आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की गाळातले जिवाणू प्राणवायू असताना पेशीत फॉस्फेट साठवतात आणि तो संपला की सोडून देतात.

ही सगळी चर्चा मुख्यतः गोड्या पाण्याच्या तलावांवरची. खाडीत भर पडते ती सल्फेटची: समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते सुमारे २.७ ग्रॅम असतं. सल्फेट वापरणारे जिवाणू सल्फाइड तयार करतात, ते लोहाला धरून काळं लोह-सल्फाइड बनवतं. एकदा लोह असं अडकलं, की फॉस्फेटला धरायला उरतं थोडंच. ओहोटीला कांदळवनात चिखल उकरा: वर पातळ तपकिरी थर, खाली कुजक्या अंड्याच्या वासाचा काळा गाळ, आणि खेकड्यांच्या बिळांच्या कडा मात्र तांबूस. बिळातून प्राणवायू आत जातो, तिथे लोह पुन्हा ऑक्साइड होतं आणि फॉस्फेट अडवतं.

मोजमापात नेमकी इथेच फसगत होते. काळ्या गाळातलं पाणी हवेत उघडं ठेवलं, की त्यातलं फेरस लोह तांबूस साक्यासारखं बसतं आणि फॉस्फेट सोबत घेऊन जातं. आकडा खरा नसतो, कमी येतो. म्हणून हवा न लागू देता ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून लगेच आम्ल घालतात.

कोळंबीचं तळं उपसून वाळवलं, तर सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं. पायराइट (लोह-सल्फाइडचं खनिज) जास्त असेल तर गंधकाम्ल तयार होऊन सामू घसरतो, म्हणून चुना लागतो. अशा आम्लधर्मी तळ्यात घातलेलं सुपर फॉस्फेट खतही लोह-ॲल्युमिनियम गिळून टाकतात आणि प्लवकांना काहीच पोचत नाही.