हेड पार्क आणि स्पिन डाऊन एकच समजू नका

रिकामी हार्ड डिस्क थांबवली की वीज वाचते का? वाचते, त्यात वादच नाही. ३.५ इंची डिस्क नुसती फिरत राहिली तरी साधारण ४-५ वॅट खाते, थांबली की एक वॅटच्या आत येते. परत चालू होताना काही सेकंद २०-२५ वॅट ओढते, पण ते मिनिटभराच्या विश्रांतीत भरून निघतं. रोज २० तास थांबवली तरी वर्षाला तीसेक युनिट, बस्स.

घोळ आयुष्याच्या प्रश्नात होतो, म्हणजे सारखी थांबवल्याने डिस्क लवकर मरते का. स्पिन डाऊनमध्ये मोटरच थांबते. हेड पार्कमध्ये प्लॅटर (डेटा साठवणाऱ्या तबकड्या) फिरतच असतात, फक्त वाचणारं-लिहिणारं हेड बाजूच्या रॅम्पवर जाऊन बसतं. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंदवही) दोघांची नोंद वेगळी आहे, ४ नंबरला स्टार्ट स्टॉप काउंट आणि १९३ ला लोड सायकल काउंट. तरी लोक १९३ चा लाखातला आकडा बघतात, 'स्पिन डाऊनने डिस्क मारली' म्हणतात, स्पिन डाऊनचा टायमर बंद करतात आणि आकडा तसाच पळत राहतो, कारण पार्किंग फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) स्वतःच करत असतं, काही मॉडेलमध्ये तर ८ सेकंद काम नसलं की लगेच! आता त्या डिस्कवर दर ३० सेकंदांनी कुठलातरी लॉग लिहिला जात असेल तर हेड दिवसाला २८८० वेळा ये-जा करणार, म्हणजे कंपनीने दिलेलं ३ लाख वेळांचं रेटिंग साडेतीन महिन्यांत संपलं. आणि मोटर या सगळ्यात एकदाही थांबलेली नाही! उलट दिवसाला दहा वेळा खरंच स्पिन डाऊन केलं तरी ५० हजार स्टार्ट-स्टॉपचं रेटिंग संपायला तेरा वर्षं लागतात.

गोंधळात भर म्हणजे एचडीपार्मचा (लिनक्समधली डिस्कच्या सेटिंगची कमांड) बी ऑप्शन (-B). १ ते १२७ दिलं तर स्पिन डाऊनला परवानगी, १२८ ते २५४ दिलं तर नाही, पण १२८ वर पार्किंग जोरात चालू राहू शकतं. म्हणून बी २५४ द्या (काही डिस्क ऐकत नाहीत, मग फर्मवेअरचा पार्किंग टायमरच बदलावा लागतो) आणि थांबवायचं काम एस ऑप्शनवर (-S, स्पिन डाऊनचा टायमर) सोडा.

एसला २४२ म्हणजे एक तास, मी तेच सांगेन. पाच-दहा मिनिटं ठेवायचा अट्टहास मला अजिबात पटत नाही, डिस्क दिवसभर उठबस करत राहते. रोज रात्री एकदा बॅकअप घेणारी डिस्क खुशाल थांबवा. टॉरेंटची किंवा ऑपरेटिंग सिस्टीमची असेल तर फिरू द्या, तिला तासभर निवांत मिळणारच नाही.